पन्नासच्या पुढची थरथर

गिअरबॉक्स बदलला आणि जीप थरथरायला लागली. पन्नासच्या आत सगळं लोण्यासारखं. काटा पन्नासच्या पुढे गेला की बुडाखाली घुर्रर्र सुरू, आणि साठ गाठले की पुन्हा कमी. वेग वाढवल्यावर बरी होणारी गाडी मी जन्मात पाहिली नव्हती.

ही जीप बाबांनी सरकारी हर्राजात बोली लावून घेतली, तेव्हा मी शाळेत होतो. बाबा मास्तर होते आणि आमच्या वस्तीत तोवर फक्त सायकली होत्या. आता ते रिटायर झालेत, मी आदिलाबादेत कारकुनी करतो. पण जीप चालवायची ती त्यांनीच. बाजारहत्नूरला काकांकडे जायचं तर स्वतः चालवत. बसने जा म्हटलं की दिवसभर गाल फुगवून बसायचे. जुना गिअर मात्र त्यांच्या हाताला जड जायला लागला, पहिला टाकताना खांदा भरून यायचा. म्हणून हलका पडणारा, नव्या धर्तीचा गिअरबॉक्स बसवला. हे नीट जमलं तर बाबा गाडी चालवतील, नाही तर जीप विकून टाकायची, असं आईने सांगून टाकलं होतं. आमच्या घरात आईने सांगून टाकलं की विषय संपतो.

मेकॅनिकने आधी शाफ्टवर खापर फोडलं. "क्रॉस गया इसका, सर." शाफ्टच्या सांध्यातला तो क्रॉस बदलला. थरथर तशीच. मग चाकांचं बॅलन्सिंग केलं, मग इंजिनाखालचे रबर नवे घातले. गॅरेजात उभी करून रेस दिली तर बॉनेटवरच्या ग्लासातला चहा हलत नव्हता. रस्त्यावर आणली की घुर्रर्र! मेकॅनिक शेजारी बसून म्हणायचा आवाज मागून येतो, मागे बसलेली आई म्हणायची वरून, टपातून येतो, आणि मला तो गिअरच्या दांड्यात लागायचा. क्लच दाबला की थरथर गायब, आणि शाफ्ट तर तेव्हाही फिरतच असतो, म्हणजे शाफ्ट निर्दोष, एवढंच मला कळलं. पुढे काय, ते कळेना. डोकं पार भंजाळलं.

त्यात बाबांची वेगळीच तऱ्हा.

"कुठं थरथर? मले तं काई लागून नाई राह्यलं."

हे बाबा म्हणत होते! बाबा गाडी अनवाणी चालवतात. घरात शिरावं तशी चप्पल काढून आत चढायचं, ही त्यांची रीत. तळव्याला गाडी कळते म्हणायचे, आणि खरंच कळायची. मागच्या चाकाचा एक नट ढिला आहे हे त्यांनी चालत्या गाडीत सांगितलेलं मी पाहिलं आहे. आता आरशातला मागचा ट्रक धूसर होईस्तोवर जीप हलत होती, आणि हे सांगत होते की काही नाही.

मला वाटलं, आईच्या भीतीने लपवताहेत. शेवटी तोंडावर विचारलं.

"मी खोटं बोलून राह्यलो का?" ते भडकले. "तुह्याच मनात भरली हाय थरथर."

बाबा खोटं बोलत नाहीत, हीच तर अडचण होती. मग मलाच भास होतात की काय, इथपर्यंत मी आलो. ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या मला घुर्रर्र ऐकू यायला लागलं.

एका रविवारी आम्ही तिघं बाजारहत्नूरला जाऊन आलो. येता-जाता गाडी बाबांनीच चालवली. घरी आल्यावर ते पाय धुवायला ओट्यावर बसले, आणि पाणी घेऊन आलेली आई ओरडली.

"अवो, टाच भाजली तुमची!"

डाव्या टाचेला मोठा फोड येऊन फुटला होता. बाबांनी पाय उचलून पाहिला, जसा दुसऱ्याचाच.

"कवा भाजली?" त्यांनी आम्हालाच विचारलं.

मी जीपकडे धावलो. गिअरबॉक्स बसवताना काढलेली रबरी मॅट अजून गॅरेजातच होती. क्लचखाली जिथे टाच टेकते तिथे पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. सकाळी गाडीखाली झोपून पाहिलं. नव्या गिअरबॉक्ससाठी घातलेल्या आडव्या पट्टीने सायलेन्सरचा पाइप वर ढकलला होता. गाडी उभी असताना पाइप आणि पत्र्यात बोटभर जागा राहायची. रस्त्यावर ओढ पडून इंजिन कलंडलं की पाइप पत्र्याला जाऊन भिडायचा. पत्र्यावर घासून चकचकीत झालेला पट्टा होता, बरोबर बाबांच्या टाचेखाली. इतके दिवस जे शोधत होतो ते सापडलं, आणि मला रडू आलं.

मेकॅनिकने पाइप खाली वाकवून दिला. बाबांना मी डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांना साखर आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ती तळपायांपर्यंत पोचली असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला सुई टोचली. इथे, मग तिथे, मग अंगठ्याखाली. बाबा शहाण्या विद्यार्थ्यासारखे डोळे मिटून बसून होते.

"टोचा नं, बाई," ते म्हणाले. "मी भेत नाई."

बाईंनी सुई खाली ठेवली. मीच म्हणालो, "झालं बाबा, टोचून."

घरी येताना गाडी मी चालवली. बाबांनी किल्ली मागितली नाही, आपले डावीकडून चढून बसले. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर काटा पन्नासच्या पुढे गेला, साठ झाला. बाबांनी दोन्ही पाय पत्र्यावर सपाट टेकवले होते. बराच वेळ ते खाली पायांकडे बघत होते. मग मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"थांबली का रे?" त्यांनी विचारलं.

"थांबली, बाबा," मी म्हणालो.