न बघितलेलं शून्य

येलदरीच्या जीपथांब्यासमोर पाऊस मोजायचं यंत्र आहे. एक उंच, सावळा माणूस रोज सकाळी आठला तिथं येई, गुडघे टेकून भांडं काढी आणि वहीत आकडा लिही. उन्हाळाभर आकडा शून्यच. जीपची वाट बघत वर्षभर मी त्याला पाहिलं, नाव मात्र विचारलं नाही.

ईस्टरच्या रविवारी तो पांढरा सदरा घालून थांब्यावर उभा होता. त्याला जिंतूरच्या चर्चमध्ये उपासनेला जायचं होतं. जीप वेळेआधी, पावणेआठलाच आली. पुढची अकराला होती.

"मामा, बसा की! आभाळ कोरडं हाय. शून्य लिवा अन् चला," ड्रायव्हर म्हणाला.

"शून्यच असंल रे, पण आकडा आठचा असतो, अन् मी अजून बघितलं न्हाई. न बघता लिहून प्रभूपुढं कसा उभा ऱ्हाऊ? जा तुमी."

तो यंत्राकडं निघाला. मीही नोकरीभर आकडेच लिहिले, आणि न बघता लिहिलेले किती, ते मला ठाऊक आहे. जीप सुटू नये म्हणून मी एक पाय जमिनीवर ठेवून दारात उभा राहिलो. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, लोक कुरकुरले, पण पंधरा मिनिटं मी पाय उचलला नाही.

आठला आकडा लिहून तो धावतच परत आला.

"काय निघालं, मामा?" ड्रायव्हरनं खवचटपणे विचारलं.

"शून्य," तो इतक्या आनंदानं म्हणाला, की कुरकुरणारेच सरकून त्याला जागा देऊ लागले.