अण्णांचे रोजे

शिरोलीच्या कारखान्यात ऊन कललं की माझ्या जोडीला काम करणारे अण्णा लेथ मशीन बंद करून दारात यायचे, हात लांब करून सूर्याखाली बोटं धरायचे आणि जाहीर करायचे, "दिवस मावळायला दोन बोटं हाय अजून. डबा काढतो." कुरुंदवाडचा हा जैन माणूस. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही.

असा माणूस पोटासाठी दोन वर्षं मालदीवच्या एका बेटावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायला गेला होता. सगळं बेट मुसलमान, मासळीशिवाय घास न उतरणारं. त्यात आला रमजान. आता तुम्हीच बघा, बेट दिवसभर उपाशी आणि दिवस मावळला की जेवणार. अण्णा नेमके तेव्हाच तोंड मिटणार! घरमालकाच्या पंगतीत तीन संध्याकाळी ते ताटापुढं नुसते हात जोडून बसले.

"मग दिवसा खोलीत खायचं की," ही गोष्ट ऐकताना मी म्हणायचो.

"समदं घर उपाशी आन् मी एकटा गिळू? मानूस हाय का कोन?"

चौथ्या दिवशी घरमालकिणीनं त्यांना पाच वाजताच स्वयंपाकघरात बसवून वरणभात वाढला. अण्णा तिला अक्का म्हणत. अक्काचा स्वतःचा रोजा, त्यामुळं चव बघायची सोय नाही. एक दिवस अळणी, दुसऱ्या दिवशी खारट. परक्या घरात, परक्या धर्मात काय बोलायचं, म्हणून अण्णा मुकाट गिळत.

एकदा अक्काच रुसली. सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "मीठ चुकलं तर माझा नवरा घर डोक्यावर घेतो. तू एक शब्द बोलत नाहीस. आम्ही तुझे कोणीच नाही?"

दुसऱ्या दिवशी पहिला घास घेतला आणि अण्णा गरजले, "अक्का! आक्खा समुद्र वतलाईस की गं ह्यात!"

शब्द कुणालाच कळले नाहीत. आवाज मात्र कळला आणि सगळं घर पोट धरून हसलं.

"त्या दिशी मी त्या घरचा झालो बघा," असं अण्णा दर वेळी शेवटी सांगायचे.

पुढं दरवर्षी पहिल्या रोज्याला अक्काचा फोन यायचा. यंदाही आला. दिवाळीनंतर अण्णा गेले, हे तिला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या घरीच होतो. अण्णांच्या बायकोला, वहिनींना, बोलवेना, त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"खाना खाया उसने?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "खाया. नमक ज्यादा था, बहुत चिल्लाया."

पलीकडं अक्का खदखदून हसत राहिली. वहिनींनी तोंडाला पदर लावला. खरं सांगायला हवं, हे मलाही कळतं. अजून सांगितलेलं नाही.