निखिलचा सल्ला

मेधाला हे माहीत नाही. इतकी वर्षं एका घरात राहून बायकोला सांगितलं नाही, तर बाकी कुणाला कशाला सांगितलं असेल? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोरासमोर बसून सांगायची वेळ आली असती, तर मी आजही गप्पच बसलो असतो.

मी मूळचा पुण्याचा. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, सिंगापूरला आलो आणि राहिलो. एका बँकेच्या आयटीमध्ये आहे. माझं काम निवडीचं. चार कंपन्या आपापलं सॉफ्टवेअर घेऊन येतात, त्यातलं कुठलं घ्यायचं ते मी सांगायचं. या कामात मी चांगला आहे असं ऑफिसात म्हणतात. घरीही तसंच झालं होतं — फ्रिज कुठला, शाळा कुठली, टॅम्पिनीसला घर घ्यायचं की आणखी कुठे, सगळं बाबा ठरवणार. सानिकाला, माझ्या मुलीला, याचा कधी राग आला नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता. तिथेच सगळं आहे, बघा.

तिला डॉक्टर व्हायचं होतं. इथे जागा मिळाली नाही. मग अमेरिकेत पदवी घेतली, आणि तिथेच तिला मेडिकलला प्रवेश मिळाला — ऑस्टिओपॅथिक कॉलेजात. अमेरिकेत डॉक्टर व्हायचे दोन रस्ते आहेत. एका पदवीला एमडी म्हणतात, दुसरीला डीओ. दोघंही पूर्ण डॉक्टर. दोघंही औषधं देतात, ऑपरेशनं करतात, एकाच हॉस्पिटलात शेजारी शेजारी काम करतात. डीओवाले एक गोष्ट जास्तीची शिकतात — मणके, बरगड्या, सांधे हातांनी तपासणं आणि हातांनीच त्यांवर उपचार करणं. आणि त्यांची लायसन्सची परीक्षा वेगळी असते. हे आज मला तोंडपाठ आहे. तेव्हाही होतं. सानिकाने नीट समजावून सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

पण मला लाज वाटत होती.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारलं, "सानिका तिकडे एमडी करतेय ना?" आणि मी मान हलवली. खोटं बोललो का? नाही, नुसती मान हलवली. पुढच्या वर्षी मात्र तोंडाने म्हणालो. दिलीपलाही तेच सांगितलं. दिलीप म्हणजे माझा पुण्याच्या पहिल्या नोकरीपासूनचा मित्र, आता इथेच सिंगापुरात हौगांगला राहतो. त्याचा पुतण्या निखिल अमेरिकेत डॉक्टर. दिलीपच्या बोलण्यात दर दहा मिनिटांनी निखिल यायचा. त्याच्यासमोर मी काय सांगणार होतो — माझी मुलगी हाडं बसवायला शिकते म्हणून? असं कुणी म्हणालं नव्हतं. दिलीप तर मुळीच म्हणाला नसता. ते माझ्याच डोक्यात होतं.

दुसरं वर्ष संपलं आणि सानिका अभ्यासाला घरी आली. परीक्षेआधीचे काही आठवडे कॉलेज मोकळे देतं. तिने दोन्ही परीक्षांना नाव घातलं होतं — तिची स्वतःची डीओवाली, जी पास झाल्याशिवाय तिसऱ्या वर्षात पाऊल टाकता येत नाही. आणि एमडीवाल्यांची, जी तिला सक्तीची नव्हती. तीही दिली तर पुढे मोठ्या हॉस्पिटलांत अर्ज करायला बरं पडतं, म्हणून. तिला हाडांची सर्जन व्हायचं होतं. ते फार थोड्यांना मिळतं.

दिवसभर ती लायब्ररीत बसायची. संध्याकाळी हॉलमध्ये योगाची चटई टाकून मेधाला तिच्यावर झोपवायची आणि तिच्या मानेखाली हात घालून डोळे मिटून बसायची. बोटांनी काहीतरी शोधत असल्यासारखी. "आई, श्वास घे. आता सोड." मेधाला ते आवडायचं. तिची जुनी मानदुखी त्या दिवसांत थांबली होती. आणि मी? मी सोफ्यावरून म्हणायचो, "झालं का मालिश?" सानिका हसायची. इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणायची, "बाबा, नेक्स्ट यू लाह." मी एकदाही त्या चटईवर झोपलो नाही.

मग निवडीचा प्रश्न आला. अशा परीक्षांचा अभ्यास पुस्तकांवर कमी आणि प्रश्नपेढ्यांवर जास्त होतो — ऑनलाइन हजारो प्रश्न, सोडवत राहायचे आणि उत्तरांखालची स्पष्टीकरणं वाचायची. एमडीवाल्यांची एक मोठी, नावाजलेली पेढी होती. डीओ परीक्षेसाठीची वेगळी होती. तिच्यातले प्रश्न मोघम असायचे, वाचून चिडचिड व्हायची, पण खरी परीक्षा तशीच असते असं काही सीनियर म्हणत. शिवाय हातांच्या उपचारांचं एक बारकं पुस्तक होतं, जे पाठच करावं लागतं. काही सीनियर म्हणत, दोन्ही पेढ्या करा. काही म्हणत, मोठी पेढी नीट केली की पुरे, बाकीचं शेवटच्या दोन दिवसांत वाचून होतं. आठवडे मोजके. दोन्ही पूर्ण होणार नव्हत्या.

जेवताना ती म्हणाली, "बाबा, दिलीपकाकांचा निखिल तिकडे डॉक्टर आहे ना? त्याला विचारशील? तो सीनियर आहे, त्याला कळेल. तो म्हणेल तसं करते."

मी म्हणालो, विचारतो.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी खालच्या कॉफीशॉपमध्ये जाऊन बसलो. निखिलचा नंबर दिलीपने मागेच दिला होता. कोपी, म्हणजे इथली कॉफी, समोर गार होत गेली. फोन लावायचा म्हणजे पहिलं वाक्य काय बोलायचं? "माझी मुलगी डीओ करतेय" — हे. मग ते निखिलकडून दिलीपला कळणार, दिलीपकडून मंडळात. आणि मग मी एवढी वर्षं जे सांगत आलो त्याचं काय? तसं म्हटलं तर त्याचं काहीच झालं नसतं. चार लोकांनी भुवया उंचावल्या असत्या आणि पुढच्या पदार्थाकडे वळले असते. एवढंच.

मी फोन लावला नाही.

आता सांगतो. वर गेलो, आणि सानिकाला म्हणालो की निखिलशी बोलणं झालं. तो म्हणाला, एमडीची मोठी पेढी कर, ती पुरे. डीओच्या पेढीत वेळ घालवू नकोस. ते हातांचं प्रकरण शेवटच्या दोन दिवसांत होतं. एवढ्यावर थांबलो का? नाही. तो ड्यूटीवरून नुकताच आला होता, दमलेला होता, तरी छान बोलला, असंही सांगितलं. "तिला म्हणावं घाबरू नकोस" — हे वाक्यसुद्धा मी त्याच्या तोंडी घातलं.

आणि तेच उत्तर का निवडलं? नुसता फोन टाळायचा होता, तर दोन्ही कर असंही सांगता आलं असतं. पण मला ती पेढी नको होती. ते बारकं पुस्तक माझ्या जेवणाच्या टेबलावर नको होतं. तिने एमडीवाल्यांसारखा अभ्यास करावा, त्यांची परीक्षा द्यावी, त्यांच्यासारखी दिसावी, म्हणजे माझं खोटं जरा कमी खोटं होईल — हे मला तेव्हा शब्दांत कळलं नव्हतं असं म्हणू? कळलं होतं.

तिचा चेहरा मोकळा झाला. कुणीतरी ठरवून दिलं की माणसाला बरं वाटतं, तसा. "थँक्स सांग त्याला," म्हणाली. त्या दिवसापासून चटई कपाटामागे गेली. मेधाने एकदा विचारलं, आता मान नाही बघणार का माझी? सानिका म्हणाली, परीक्षेनंतर, आई.

एमडीवाली परीक्षा ती उत्तम पास झाली. जी तिला सक्तीची नव्हती, ती. डीओवाली थोडक्यात गेली. हातांच्या उपचारांच्या भागात ती सगळ्यात खाली होती.

हे सांगायला तिने तिकडून व्हिडिओ कॉल केला. रडून झालेलं होतं, नाक लाल होतं. मेधा फोनला हात लावून बसली होती, जणू तिच्या गालालाच हात लावतेय. सानिका म्हणाली, "बाबा, निखिलला यातलं काही सांगू नकोस हं. त्याला उगाच वाईट वाटेल. त्याने बरोबरच सांगितलं असणार, मीच कमी पडले."

मी काय म्हणालो असेन? तुम्हाला काय वाटतं? मी म्हणालो, "नुसत्या पेढ्या बदलून काही होत नसतं, बेटा. मेहनत लागते."

ती "हो" म्हणाली.

मग तिने ती परीक्षा पुन्हा दिली. या वेळी मला विचारलं नाही, डीओची पेढी आणि ते पुस्तक घेऊन बसली आणि चांगल्या गुणांनी पास झाली. पण तोवर तिची बॅच हॉस्पिटलांत पुढे गेली होती. आणि पहिल्यांदा नापास झाल्याची नोंद पुसली जात नाही. हाडांच्या सर्जरीसाठी तिने जिथे जिथे अर्ज केले, तिथल्या कुणी मुलाखतीलाही बोलावलं नाही. आज ती एका लहानशा गावात फॅमिली डॉक्टर आहे. आवडतं म्हणते. आवडतही असेल. मला हे ठरवायचा अधिकार नाही.

इथे थांबलो, तर तुम्ही म्हणाल, झालं, एक भित्रा बाप. मलाही इथेच थांबायला आवडलं असतं.

गेल्या डिसेंबरात सानिका सुट्टीला आली होती, आणि योगायोगाने निखिलही बायकोला घेऊन दिलीपकडे आला होता. दिलीपने सगळ्यांना जेवायला बोलावलं. काहीतरी कारण काढून मी टाळू शकलो असतो. पण मेधाने आधीच हो म्हटलं होतं, आणि मला वाटलं, एवढी जुनी गोष्ट, कोण काढणार?

निखिल साधा, बोलका निघाला. त्याने सानिकाला विचारलं, कुठे शिकलीस, आणि तिने सरळ सांगितलं, मी डीओ आहे. दिलीपने माझ्याकडे पाहिलं. निखिल म्हणाला, "अरे वा, आमच्या विभागाची प्रमुख डीओच आहे. माझी पाठ धरली की मी तिच्याकडेच जातो." दिलीपची बायको पुरणपोळी वाढत होती. पुढच्या पदार्थाकडे वळायला कुणाला वेळ लागला नाही.

मग सानिका हसत म्हणाली, "तुम्हाला आठवतंय का? माझ्या लायसन्सच्या परीक्षेच्या वेळी बाबांनी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही सांगितलं होतं, फक्त मोठी पेढी कर म्हणून."

"मी?" निखिल गोंधळला. "नाही गं. डीओच्या मुलांना मी नेहमी उलट सांगतो. त्यांची पेढी आधी, आणि ते हातांचं पुस्तक पहिल्या दिवसापासून. आणि काकांचा मला कधी फोन... काका, आपण आज पहिल्यांदाच बोलतोय ना?"

टेबलावर सगळे माझ्याकडे बघत होते. सानिकाही. पण ती गोंधळलेली नव्हती. तिला तेवढा वेळही लागला नाही. मी पाहिलं ना — तिच्या चेहऱ्यावर सगळं एकदम उजळलं आणि लगेच विझलं. मी तोंड उघडेन म्हणून ती थांबली. चांगली थांबली. मग निखिलकडे वळून म्हणाली, "मग माझाच काहीतरी घोळ झाला असेल. बाबा दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असेल आणि मी तुमचं नाव ऐकलं असेल."

तिने मला वाचवलं. मला एवढंच करायचं होतं, की गप्प बसायचं.

मी हसलो. मोठ्याने. दिलीपच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "हिचं लहानपणापासून हे असंच आहे. सांगतो एक, ऐकते भलतंच. म्हणून तर नापास झाली!"

सगळे हसले. सानिकाने ताटातली पोळी संपवली, आणि दिलीपच्या बायकोला म्हणाली, छान झालीय काकू, अजून अर्धी वाढा.