तिसऱ्या दिवसाचा आकडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, माझ्या पोटातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं जिला वाटतं त्या मैत्रिणीलाही नाही. आज लिहायला बसल्यापासून तीनदा उठून पाणी पिऊन आले. तहान नाही — बसवत नाही, एवढंच.

कुठून सुरू करू? सुईपासून करते. मी भूलतज्ज्ञ आहे. सिझेरियनसाठी पाठीच्या मणक्यात सुई घालून कमरेखालचं अंग बधिर करतात, हे तुम्हाला माहीत असेल. तुमच्याही घरात कुणाला ती सुई दिली असेल. मणक्यात आणि मेंदूभोवती एकच पाणी खेळत असतं. सुईच्या भोकातून ते झिरपत राहिलं, तर डोक्यातला दाब उतरतो. मग माणूस उठून बसला की डोकं दुखायला लागतं, आडवा झाला की थांबतं. हा दाब डोकं न उघडता मोजायचा कसा, हा माझ्या थिसिसचा विषय होता. मिटलेल्या पापणीवर थंड जेली लावायची, सोनोग्राफीचा प्रोब अलगद टेकवायचा आणि डोळ्यामागच्या नसेवरच्या वेष्टनाची जाडी मोजायची. आतला दाब उतरला की तेही बारीक होतं. सुईआधी एकदा, ऑपरेशननंतर एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा, तिसऱ्या दिवशी एकदा. एका बाईमागे चार आकडे.

सोपं आहे ना? सोपंच होतं. फक्त ते मशीन ऑपरेशन थिएटरमधलं. बाळंतिणींचा वॉर्ड दुसऱ्या इमारतीत, मधे फरशा उखडलेला रस्ता आणि अर्धा वेळ बंद असणारी लिफ्ट. मशीनचं एक चाक अडायचं. पहिले दोन आकडे थिएटरमध्येच मिळायचे. दुसऱ्या दिवशी माणूस ढकलत न्यायचा. तिसऱ्या दिवशी — आमच्यात त्याला ‘कॉलम भरणं’ म्हणत. आधीचे तीन आकडे बघायचे आणि चौथा लिहून टाकायचा. अगदी सारखा लिहायचा नाही, संशय येतो; किंचित वर, किंचित खाली. हे मला कुणी शिकवलं नाही. सगळे करतात, हे मात्र मी न शिकवता शिकले.

आता नसरीनबद्दल सांगते. बघा, तिचं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

नसरीन तेव्हा तेवीसची असेल. माहेर करमाडचं, सासर शहागंजातलं. घरी बसून साड्यांना फॉल-पिको करायची, दुपट्ट्यांवर जरीचं काम करायची. पहिलटकरीण. सुई मीच दिली, आणि ती तिसऱ्या खेपेला जमली. तीनदा टोचूनही ती हूं का चूं बोलली नाही; उलट मलाच म्हणाली, “होऊ द्या मॅडम सावकाश.” मुलगी झाली. पहिल्या दिवशी तिच्या पापणीवर मी दोनदा जेली लावली, दुसऱ्या दिवशी एकदा. जेली थंड लागली की ती हसायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी थिएटरशेजारच्या ड्यूटी रूममध्ये कुणीतरी जुन्या शहरातून नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, आणला होता. मी वॉर्डात न्यायला मशीनची वायर गुंडाळत होते. बरोबरची एक डॉक्टर म्हणाली, आधी खाऊन घे, गार खलिया तोंडात घालवत नाही. मी बसले. खाता खाताच डाव्या हातानं फाइल ओढली आणि नसरीनच्या चौथ्या रकान्यात ४.९ लिहिलं. आदल्या दिवशीचा आकडा ४.८ होता. किंचित वर.

तुम्हाला वाटेल, मोठं काहीतरी कारण असेल. दमले असेन, घरात कुणी आजारी असेल. नव्हतं. खलिया गार झाला असता. कारण एवढंच होतं, आणि ते वाढवून सांगायची सोय नाही.

त्याच दिवशी संध्याकाळच्या राउंडला नसरीन म्हणाली, “बसले की डोकं लई दुखतंय. आडवं झालं की बरं वाटतं. मान बी ओढल्यागत झाली.” ही तर पुस्तकात छापावी अशी तक्रार. पण आमच्या सरांचा, म्हणजे माझ्या थिसिसच्या गाइडचा, या मोजणीवर फार जीव. त्यांनी फाइल उघडली, माझा तक्ता तिच्यात लावलेलाच होता. “आजचं रीडिंग?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “चार पॉइंट नऊ, सर.” फाइलवरचा मेलेला आकडा मी तोंडानं जिवंत केला. सर म्हणाले, मग दाब ठीक आहे. बाळ रडतंय, झोप होत नाही, मानेचा ताण आहे. चहा-कॉफी प्या, पाणी भरपूर प्या. पाचव्या दिवशी तिला घरी सोडलं. मी तेव्हा बोलू शकत होते का? हो. मशीन न्यायला अर्धा तास लागला असता. पण मग सर म्हणाले असते, दुपारचा आकडा आणि आत्ताचा इतका वेगळा कसा? आणि तीनदा टोचलेली सुईही माझीच होती.

दहा-बारा दिवसांनी ती आईचा हात धरून आली. एक डोळा मिटलेला. तो उघडला की सगळं दोन-दोन दिसायचं. “मांडीवर दोन लेकरं दिसत्यात, कोनाला पाजू?” असं ती म्हणाली, आणि तेही हसत म्हणाली. दाब उतरला की मेंदू किंचित खाली सरकतो, डोळा बाहेर वळवणारी नस ताणली जाते. बहुतेकांची पुढं आपोआप बरी होते. तिची झाली नाही. तिसऱ्या दिवशीच उपचार केले असते तर हे टळलं असतं का? छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. या वाक्याच्या आडोशाला मी बरीच वर्षं काढली.

पण मी सांगायला बसले ते हेही नाही. ते पुढंच आहे, आणि मी मघापासून त्याच्याभोवती फिरते आहे.

सर चक्रावले होते. आकडा नॉर्मल आणि हे असं? त्यांनी तिलाच विचारलं, तिसऱ्या दिवशी मॅडमनी डोळा तपासला ना? नसरीननं बोटांवर मोजून सांगितलं, “नाय सर. थंड जेली तीनदाच लावली. पहिल्या दिवशी दोनदा, दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी मॅडम आल्याच नाय.”

खोलीत सर होते, दोन ज्युनिअर होते, तिची अम्मी होती. मी शांतपणे म्हणाले, “सर, तिला वेदनेचं इंजेक्शन दिलेलं होतं. गुंगीत होती. आठवत नसेल तिला.”

नसरीननं एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती खरोखर विचार करत होती. मग म्हणाली, “असंल. माझ्याच ध्यानात नसंल.” तिची अम्मी सरांना म्हणाली, बाळंतपणात होतं असं, पोरगी जरा भुलक्कड झालीय.

सरांनी माझ्या थिसिसमध्ये एक वेगळा परिच्छेद घालायला लावला: मोजमाप नॉर्मल असूनही अशी गुंतागुंत होऊ शकते. परीक्षकांना तोच परिच्छेद सर्वांत आवडला. माझं खोटं पुठ्ठ्याच्या बांधणीत लायब्ररीत उभं आहे. कुणी त्यावर भरवसा ठेवून एखाद्या बाईला घरी पाठवलं असेल का? मला माहीत नाही. लायब्ररीत जाऊन ते पान काढून टाका म्हणायची हिंमत मला झालेली नाही.

आता मी प्रत्येक पेशंटला तीनदा भेटते. सिस्टर कौतुकानं म्हणतात, मॅडम फार काळजी घेतात. मी मान हलवते. त्याला प्रायश्चित्त म्हणत नाही. खरं म्हणजे खाटेपाशी गेल्याशिवाय माझे पाय थांबत नाहीत, आणि गेल्यावरही थांबत नाहीत.

गेल्या वर्षी शहागंजात साडीला फॉल लावायला गेले. दोन शिलाई मशीनचं छोटं दुकान. एकावर नसरीन, दुसऱ्यावर तिची जाऊ. नसरीनच्या चष्म्याच्या एका काचेवर पांढरी पट्टी चिकटवलेली. जरीचं काम सुटलंय, म्हणाली, सरळ शिवण तेवढी जमते. मुलगी शाळेत जाते. मला लगेच ओळखलं. बसायला स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. बोलता बोलता तीनदा जावेला विचारलं, “भाभी, मघाच्या बाईचं ब्लाउज दिलं ना मी?” जाऊ कंटाळून म्हणाली, “व्हय, दिलं.” मग मला म्हणाली, हिला स्वतःवर भरवसाच नाही, कुलूप लावून चार पावलं गेली की परत फिरते.

चहा झाल्यावर नसरीननं हळूच विचारलं. “मॅडम, एक इचारू? त्या तिसऱ्या दिवशी तुम्ही आल्या व्हत्या ना? मला अजून बी साफ वाटतं, नव्हत्या आल्या. मनातून जातच नाय.”

तिथं सर नव्हते. परीक्षक नव्हते. माझी डिग्री कुणी काढून घेणार नव्हतं. समोर फक्त ती होती, आणि तिला एवढंच हवं होतं.

मी म्हणाले, “आले होते गं.”

“बघा भाभी,” ती जावेला म्हणाली, “मी म्हणलं नव्हतं का, माझं ध्यानच गेलंय.” आणि तिनं माझी साडी कधी द्यायची ते जावेला लक्षात ठेवायला सांगितलं. ती साडी मी अजून आणायला गेलेले नाही.

तिसऱ्या दिवशी मी गेले नव्हते. दुपारी ड्यूटी रूममध्ये बसून जेवत होते. नसरीनला सगळं नीट आठवत होतं.