युरिया टाकून घ्या
कल्याणच्या पलीकडे, काळू नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी आमची भातशेती आहे. मी वागळे इस्टेटमध्ये नोकरी करतो, पण गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हवामानखातं माझ्याकडे. एसीत बसून मोबाइलवर ढग बघायचे आणि चिखलात उभ्या माणसांना अक्कल शिकवायची, असला माझा उद्योग.

त्या श्रावणात मी लिहिलं, "उद्यापासून रिमझिम. युरिया टाकून घ्या." रिमझिमीत खत जिरतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सगळ्या गावाने एकाच दिवशी टाकला. संध्याकाळी आभाळ फाटलं, बांध फुटले आणि खत ओढ्यात गेलं. पुढे तीन आठवडे थेंब नाही. ओढा वाहायचा थांबला. ऊन मात्र चैत्रातलं. पूर्वीचा श्रावण इतका लहरी नव्हता.

आई त्याच वर्षी गेली होती. ती रोज उरलेला भात ओढ्याच्या डोहातल्या माशांना घालायची, म्हणून बाबांनी ठरवलं, तिचा घास आधी माशांना, मग कावळ्याला. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला आम्ही दोघे केळीच्या पानावर भात घेऊन डोहावर गेलो.

डोह काठापर्यंत हिरवा झाला होता. बेडूक नाही, चतुर नाही. भरदुपारी मला माझ्याच गिळण्याचा आवाज आला. बाबांनी घास सोडला. तो बुडालाच नाही. हिरव्या सायीवर नुसता बसून राहिला.

"आली नाही रे ती," बाबा म्हणाले. "काय चुकलं माझं?"

ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि आईला हाका मारू लागले. खरं सांगतो, मी घाबरलो. कुणी 'ओ' दिली तर, ही ती भीती. काहीतरी करायचं म्हणून मी काठीने साय बाजूला सारली. कुजका वास आला आणि खालून एकेक पांढरं पोट वर येऊ लागलं.

"बाबा, आई रागावली नाहीये," मी म्हणालो. "मासे मेलेत. त्या युरियाने पाणी नासलं. मीच सांगितलेलं ना टाकायला."

बाबांनी स्वतःचे तळहात उलगडून बघितले.

"तू नुसतं सांगितलंस रे," ते म्हणाले. "मुठी भरून टाकला मी. यंदा तिच्या माशांना घास मीच घातला."