कुरणातला पाट

२००५ च्या उन्हाळ्यात वडील गावाहून परदेशात आमच्याकडे पिस्कॅटवेला आले होते. जन्मभर उसाला पाणी दिलेला माणूस, अपार्टमेंटमध्ये त्यांचं मन रमेना. म्हणून एका शनिवारी त्यांना नदीकाठचं उत्खनन दाखवायला घेऊन गेलो. युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी तिथे जुने पाट मोकळे करत होते. पूर्वी इथले शेतकरी या पाटांतून नदीचं पाणी कुरणावर फिरवायचे, म्हणजे गवत लवकर वाढायचं. शिकवणाऱ्या बाई हे सांगत होत्या आणि मी ते वडिलांना मराठीत. मला स्वतःला तिथे चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. एका पाटात पाणी तुंबलं होतं, कारण मापं घ्यायला मध्ये मातीची भिंत मुद्दाम ठेवली होती. मी बाईंशी बोलत असताना वडिलांनी चपला काढल्या, पाटात उतरले आणि टाचेने ती भिंत फोडली. गावी उसाला दारं धरताना पाणी पुढे सोडायला फोडायचे, तशीच, अगदी सवयीने.

पाणी सरसर पुढे गेलं आणि थेट टोकाला जाऊन गवतात पसरलं. बाई ओरडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडील मात्र वाकून पाण्याकडे बघत होते.

"उतार अजून चोख आहे," ते म्हणाले. "ज्यानं काढला, त्याला पाणी कळत होतं."

ते काय म्हणतायत, असं बाईंनी मला विचारलं.

"सॉरी म्हणतायत," मी सांगितलं.