परत लावा

रिपोर्ट हातात दिला की मॅडम तो न वाचताच टेबलावर पालथा घालायच्या. "आधी मूल बघू दे," म्हणत वॉर्डात निघून जायच्या. आणि मी, तो रिपोर्ट घेऊन धापा टाकत तीन जिने चढून आलेला लॅबवाला, कागदाच्या कोऱ्या पाठीकडे बघत उभा. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेलच.

सोलापुरातल्या लहान मुलांच्या एका दवाखान्यात मी लॅब सांभाळतो. मॅडम तिथल्या मोठ्या डॉक्टर. रक्तात संसर्ग पसरलेलं मूल आलं की बाकीच्या तपासण्यांबरोबर त्या थायरॉईडही करायला लावत. त्यातलं टी-थ्री हे संप्रेरक हमखास कमी यायचं.

"येणारच," त्या म्हणायच्या. "शरीर आजाराशी झगडतंय, म्हणून बाकीची कामं मंदावलीत. गोळी द्यायची नाही. बरं झालं की परत लावा."

"गोळी द्यायची नाही, तर तपासायचं कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मूल किती आजारी आहे ते कळतं. परत लावा."

परत लावायचं, म्हणजे बऱ्या झालेल्या मुलांना दीड महिन्यानं बोलवायचं. फोन मी करायचे. खेळत्या पोराला सुई टोचून घ्यायला कोण आणतंय? आईबापांची बोलणी मी खायची. आणि जी मुलं येत, त्यांचा रिपोर्ट नॉर्मल. दर वेळी नॉर्मल!

मग जेऊरची सहा वर्षांची मुलगी आली. न्यूमोनिया रक्तात उतरलेला, आठ दिवस व्हेंटिलेटरवर. टी-थ्री अगदी तळाला. तिच्या वडिलांनी रिपोर्टचा फोटो कुणाला तरी पाठवला आणि मॅडमना गाठलं. "थायरॉईड कमी हाय म्हणत्यात. गोळी का देत न्हाय तुमी?"

"आत्ता नाही. आधी यातून उठू दे तिला."

पोरगी उठली. घरी निघताना आई तिला फ्रॉक घालत होती.

"कधीचा हा?" मॅडमनी विचारलं.

"दोन वर्सं झाली की. अजून बसतोय!" आई कौतुकानं म्हणाली.

मुलीला भिंतीशी उभं करून मॅडमनी उंची मोजली. चार वर्षांच्या पोरीएवढीच भरली. त्या माझ्याकडे वळल्या. "ही परत आलीच पाहिजे."

मी पाच फोन केले. "चांगली हाय की आता. कशाला तरास?" वडील म्हणाले. मी सुटलो असं समजलो. तर रविवारी सकाळी मॅडमनी मला जेऊरच्या गाडीत बसवलं, स्वतःही बसल्या. सुट्टीचा दिवस, मांडीवर रक्ताच्या नमुन्यासाठी बर्फाचा डबा. वाटेत मी फुगून खिडकीबाहेर बघत होतो. त्या मजेत शेंगा सोलत होत्या.

त्या नमुन्याचा टीएसएच आला आणि मला वाटलं, मशीन बिघडलं. न सांगता मीच परत लावला. तेच. थायरॉईड ग्रंथीला हाकणारा टीएसएच भलताच चढलेला, ग्रंथीतून येणारा टी-फोर खाली. ही आजारपणातली तात्पुरती घट नव्हती. पोरीची ग्रंथीच नीट काम करत नव्हती, आणि मोठ्या आजारात ते झाकून गेलं होतं.

मॅडमनी वडिलांना बोलावून घेतलं. "आता गोळी द्यायची. रोज, न चुकता."

"मग तवा का न्हाय दिली?"

"तेव्हा खरं काय ते कळत नव्हतं. आता कळलं."

त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मॅडम, आमी तर येनारच नव्हतो."

वर्षभरात पोरगी चांगली हातभर वाढली म्हणायची, इतकी उंच दिसायला लागली.

मॅडम निवृत्त होऊन म्हैसूरला बहिणीकडे गेल्या. जाताना परत तपासायच्या राहिलेल्या मुलांची यादी माझ्या गळ्यात मारून गेल्या. परवा मोहोळच्या एका आईनं मला फोनवर असं झाडलं की मी रागारागानं मॅडमनाच फोन लावला.

"तुमच्यापायी अजून बोलणी खातोय मी!"

"येतेय का ती?"

"गुरुवारी येते म्हणाली."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.